सरबतातील पांढऱ्या पावडरीबाबत

सगळे मला सरबतवाले म्हणतात, वय ५९, धंदा लिंबाचे सरबत करून बाटलीबंद विकणे, राहणार कारखान्याच्याच वरच्या मजल्यावर. पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, कोणाच्या दबावाविना सांगतो की,

सोमवारी मी दिलेल्या तक्रारीचा आजवरचा खरा खर्च असा: तीन दिवस पालथी भांडी, दीड पोते सडलेली लिंबे, आणि शेजारी चेहऱ्याचे क्रीम बनवणाऱ्या क्रीमवाल्यासोबतचा अठरा वर्षांचा रोजचा चहा. लिंबे पुन्हा मिळतील.

मी हा धंदा एका पातेल्यावर उभा केला. गेल्या सहा वर्षांत माझी एकही बाटली फसफसून परत आलेली नाही. हा माझ्या हाताचा गुण, असे मी गिऱ्हाइकांना सांगत आलो आहे.

सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास फडताळात साखरेमागे पांढऱ्या पावडरीचा डबा सापडला. त्यावर अक्षर क्रीमवाल्याचे होते. तोंडाला फासायची वस्तू त्याने माझ्या सरबतात कालवली, असा माझा समज झाला. कोणाला न विचारता मी थेट येथे आलो. क्रीमवाल्याला बोलावण्यात आले. तो दुपारपर्यंत बाकावर बसून होता. मी त्याच्याकडे पाहिले नाही.

आज बुधवारी त्याला पुन्हा बोलावले असता माझी सून मागोमाग आली. ती म्हणाली, "बाबा, तो डबा माझा आहे. सोडियम बेंझोएट, सरबत टिकवायचं. खाण्याच्या दर्जाचं, बिलासकट. किलोला अर्धा ग्रॅम, कोमट पाण्यात विरघळवून शेवटी घालते. काका त्यांच्या मालाबरोबर मागवून देतात."

साहेबांनी विचारले, मग लेबलवर का नाही?

"आहे ना साहेब. मागच्या बाजूला, शेवटची ओळ. बाबा पुढचीच बाजू वाचतात."

मला का सांगितले नाहीस, असे मी विचारले. ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही डबा मोरीत ओतला असता." हे मला नाकारता आले नाही.

क्रीमवाला म्हणाला, "पावडर एकच रे. माझ्याकडे क्रीम टिकवते, तुझ्याकडे अब्रू. आता चहा तू पाज. साखर मात्र मी घालीन, तुझ्या फडताळाचा भरवसा नाही."

माझी त्याच्याविरुद्ध काही तक्रार नाही. दिलेली मागे घेतो. चहाचे कबूल केले आहे.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला, मी बोललो तसाच उतरला आहे. एवढीच भर घालावी: सून कामाला लागली त्याला या महिन्यात सहा वर्षे झाली. त्याआधी दर उन्हाळ्यात बाटल्या परत येत.