हळदीकुंकू म्हणा, सभा म्हणू नका

माझं नाव गोदाबाई. अन्याय माझ्यावर झाला, आन् झाला तो भर रथसप्तमीला, मालक जाऊन वर्षबी पुरं झालं न्हवतं तवा. हे आधी लिवते, मंग बाकीचं.

माहेर जांबकडचं, शेतकऱ्याचं. भाऊ अक्षरं गिरवायचा ते बघूबघू शिकले, आन् लगीन होऊन पिंपळगाव रेणुकाईला आले तर इथं एका बाईला नाव लिवता येईना. मंग काय सांगू तुम्हाला, बायका जमवायला लागले, अक्षरं शिकवायला लागले, पोरींना शाळा पाह्यजे म्हणून बोलायला लागले, पण निझामीत सभेला परवानगी लागायची, चार माणसं बसली की जमादार दारात. मी म्हणलं, बायांनो, सभा म्हणूच नका, हळदीकुंकू म्हणा. आला एकदा जमादार, म्हणला, काय करून राह्यल्या? मी म्हणलं, हळदीकुंकू हाये जमादारसाहेब, बसा की, तुमालाबी लावते. बायका हसून लोळल्या, तो जल्दी जल्दी निघून गेला.

कैक वर्षं बराबर चाललं. मंग मालक तापात गेले. रथसप्तमीला धाकट्या जावेच्या, सोनाच्या ओसरीवर बायका जमल्या आन् मला बोलावणंच न्हाई. मी आपली गेले, तर सोना उंबऱ्यात आडवी. म्हणली, जाऊबाई, सभा म्हणावं तर जमादार नेतो, हळदीकुंकू म्हणावं तर तुमाला आत कसं घेऊ? रडत होती, पण चौकटीवरचा हात काढला न्हाई. हळदीकुंकू हा शब्द मीच दिल्ता.

मंग मागच्या गोठ्यात बसले, भिंतीला कान लावून. शिकवताना सोना अडली की आतून वरडायची, जाऊबाई, पुढं काय? मी शेणात बसून सांगायचे. पुढं दरवेळी तसंच. पोरी वाचायला शिकल्या, माझं तोंड न बघता.

आता निझामी गेली. सभा करा खुशाल, कोणी अडवत न्हाई. पण बायकांच्या जिभेवर हळदीकुंकूच बसलंय, आन् मी आजबी गोठ्यातच हाये.

तुम्ही वाचणारे हळहळाल. ती हळहळ मला बिलकुल नको. येत्या संक्रांतीला बायका जमवा, त्याला सभा म्हणा, आन् पहिलं बोलावणं मोकळ्या कपाळाच्या बाईच्या दारी न्या. तिचा हात धरून आत आणा. माझं ऱ्हाऊ द्या. न्हाई, ऱ्हाऊ नका देऊ. मलाबी बोलवा.