दार काढायला थांबलेला दीर

— नाही हो, आमचे हे नाही नेणार तुम्हाला वर. दुसरा वाटाड्या बघा. फोटोच हवेत ना? मग तो पलीकडचा बुटका ज्वालामुखी बघा — खड्यांचा आणि राखेचा नुसता ढीग, मधूनच चार ठिणग्या उडवतो, लांबून मजा बघायची नि परत यायचं. आमचा डोंगर तसला नाही. हा उंच, टोकदार — राखेचा थर, लाव्ह्याचा थर, पुन्हा राख, असा चढत गेलेला. आतला वितळल्या दगडाचा रस इतका घट्ट की तोंडाशीच अडकून बसतो, खाली वायू कोंडतो, कोंडतो — आणि मग? वाहत नाही हा, फुटतो! माझ्या दिराला हे कुठलं ठाऊक असायला? तो राहायचा तिकडं, ढालीसारख्या पसरट डोंगराखाली. तिथला लाव्हा पातळ, सावकाश पसरत येतो. त्यांच्या गावावर आला तेव्हा पठ्ठ्यानं कपाटं काढली, पत्रे काढले, दारंसुद्धा बिजागऱ्यांवरून उतरवून नेली. घरं गेली, माणूस एक गेलं नाही.

म्हणून आमचा धुमसायला लागला तेव्हा तो मदतीला धावला — आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन दाराशीच बसला! हे ओरडतायत, "अरे सोड ते दार, गाडीत बस!" तो हसतोय — "दादा, एवढा काय घाबरतोस? चालत सुटू की." तेवढ्यात कानठळ्या बसल्या. डोंगराची अख्खी कड उडाली हो! तापल्या राखेचा ढग वर जाईल असं वाटलं, तर तो खाली आला, उतारावरून, झाडं मुळासकट उपटत. गाडी माझ्या हातात होती. मी दामटली. हे शेजारी, भावाच्या नावानं किंचाळतायत — स्टिअरिंग ओढलं, मला मारलं, तोंडावर, पुन्हा पुन्हा. माझे हे पुढचे दात गेलेत ना, ते तेव्हाच. नाही थांबले मी. आरशात घर होतं, मग नुसती राख. दीर सापडला तो… नका विचारू. थांबायला हवं होतं? का म्हणून? तिघंही भाजून मेलो असतो!

तेव्हापासून यांना सारखं वर जायचं असतं. लोकांना न्यायचं निमित्त. मागच्या खेपेला एका पाहुण्यानं यांना कमरेला धरून मागं खेचलं — पार डोंगराच्या तोंडाच्या काठावरून. पाय घसरला म्हणाले. इतका संसार केलाय यांच्याबरोबर, पाय घसरणं कशाला म्हणतात ते कळतं मला — पण हे तुम्हाला कशाला सांगत बसलेय मी! आलेच बघा ते, बूट चढवूनच आलेत. यातलं अवाक्षर काढू नका त्यांच्यापुढं. चढ झेपायचा नाही म्हणा, आणि निघा. निघा म्हणते ना!