टेकडी गप्प झाली की

आई : ...आणि मी सांगते चिमे, आभाळात ढगाचा तुकडा नाही. किनाऱ्यावरची अख्खी वस्ती सकाळपासून शाळेत बसलीय, पहिलीच्या बाकांवर. गुडघे हनुवटीला लागलेत माझे. कुठाय तुमचं वादळ?

चिमी : आई, मी तेच शोधतेय. फोन ठेव ना.

आई : शेजारच्या काकू सारख्या म्हणतायत, तुमची मुलगी हवामान केंद्रात आहे ना, विचारा तिला. काय सांगू मी?

चिमी : सांग, इशारा मुलीने दिला नाही. यंत्राने दिला.

आई : यंत्र कोणाचं?

चिमी : ...माझंच. म्हणजे आमचं सगळ्यांचं. ठेवते, सर आले.

संचालक : कोण होतं? पेपरवाले?

चिमी : आई.

संचालक : सुटलो.

चिमी : तुम्ही ओळखत नाही तिला.

संचालक : मॅडम, खाली कॅमेरे लागलेत. होड्या बांधल्या, बाजार बंद केला, माणसं शाळांत कोंबली, आणि बाहेर ऊन असं की गाद्या वाळत घालाव्यात. निवेदन तयार केलंय मी. ऐका. ‘वादळाने ऐनवेळी दिशा बदलली.’

चिमी : होतं कुठे, म्हणून बदलली?

संचालक : समुद्रावर. तिथे कोण बघायला जातंय?

चिमी : उपग्रह.

संचालक : उपग्रह पत्रकार परिषदेला येत नाही.

चिमी : सर, घोळ जावईबापूंनी घातलाय.

संचालक : कोण जावईबापू?

चिमी : ...मॉडेल. आपलं इशारे देणारं यंत्र. ऑफिसात सगळे तसंच म्हणतात.

संचालक : का म्हणे?

चिमी : त्याला स्वतंत्र खोली, एसी. आम्ही खडखडत्या पंख्याखाली. त्याला उलट बोलायचं नाही. आणि तो काहीही बोलला की तुम्ही मान डोलावता.

संचालक : डोलावणारच! वीस वर्षांच्या नोंदी शिकवल्या त्याला. परीक्षेत दहातली नऊ वादळं ओळखली पठ्ठ्याने. हाताने हवेचे नकाशे काढणाऱ्या तुमच्या नकाशावाल्यांनी किती ओळखली होती?

चिमी : सहा.

संचालक : म्हणून तर त्यांची रात्रपाळी बंद केली.

चिमी : नऊ कशी ओळखली ते आज कळलं. सकाळी टेकडीवरच्या केंद्राकडून नोंदी यायच्या थांबल्या, आणि याने लगेच इशारा दिला. मी वर फोन लावला. खोलीला रंग चाललाय. रंगाऱ्याने बॅटरीवरून उपकरणांची पिन काढून तिथे आपला रेडिओ लावला होता.

संचालक : रेडिओ?

चिमी : गाणी ऐकत होता बिचारा.

संचालक : बरं, मग? गाण्यांचा वादळाशी काय संबंध?

चिमी : जुन्या नोंदींत बघा. मोठं वादळ यायच्या आधी टेकडीवर वारा सुटायचा, तार तुटायची, वीज जायची. आधी टेकडी गप्प, मागून वादळ. जवळजवळ दर वेळी. आपण याला हवेचा दाब, वारा, आर्द्रता, सगळं पान वाढून दिलं. याने एका घासाला हात लावला नाही. एवढंच पाठ केलं, टेकडी गप्प झाली की वादळ म्हणायचं.

संचालक : म्हणजे कॉपी केली.

चिमी : कॉपी करून पहिला आला, आणि आपण मिरवणूक काढली.

संचालक : हं. ठीक आहे. रंगाऱ्याचा रेडिओ काढा, आपली पिन लावा, निवेदन तेच राहू द्या. होड्या एक दिवस बांधल्या म्हणून आभाळ कोसळलं नाही.

चिमी : आजचं सोडा. मागच्या महिन्यात टेकडीवर ती बॅटरी कोणी बसवली?

संचालक : मी. स्वतः फीत कापली. वीज गेली तरी नोंदी थांबू नयेत म्हणून...

चिमी : म्हणून?

संचालक : थांबा.

चिमी : थांबलेय.

संचालक : वादळात वीज गेली तरी टेकडी आता गप्प होणारच नाही.

चिमी : या इकडे. हे गेल्या वर्षीचं वादळ, बंदराचं छप्पर उडालं ते. तेव्हा टेकडीच्या नोंदी तुटल्या होत्या. त्या जागी मी शेजारच्या केंद्रावरून अंदाजाने आकडे भरलेत, जणू बॅटरी तेव्हाही होती. आता त्यावर मॉडेल चालवते.

संचालक : काय म्हणतोय?

चिमी : वाचा तुम्हीच.

संचालक : ‘हलका वारा.’ ...परत चालवा.

चिमी : हलका वारा.

संचालक : अहो, माणसं गेली त्या वादळात.

चिमी : आणि बरीच वाचली. रात्रपाळीला माणूस बसला होता तेव्हा.

संचालक : वादळांचा हंगाम कधी लागतोय?

चिमी : आलाच की तोंडावर.

संचालक : दिशा बदलली म्हटलं, तर कोणी काही विचारणार नाही.

चिमी : नाही विचारणार. जावईबापूही सुखात राहतील.

संचालक : आणि खरं सांगितलं, तर वर्षभर हसतील मला. व्यंगचित्रं काढतील.

चिमी : काढतील. नाक तर फारच मोठं काढतील.

संचालक : नाकावर कशाला घसरता? ...बाजूला व्हा जरा, जाऊ द्या खाली. नको, तो निवेदनाचा कागद राहू द्या इथेच.

(दुपार. तीच खोली. पत्रकार गेले आहेत. चिमीचा फोन वाजतो.)

आई : चिमे, तुझे सर दिसले टीव्हीवर! शाळेच्या हॉलमध्ये सगळ्यांनी पाहिलं. रंगाऱ्याने रेडिओ लावला म्हणाले आणि काकूंना हसून हसून ठसका लागला. पाठ चोळावी लागली.

चिमी : आणि बॅटरीचं सांगितलं?

आई : सांगितलं. तेव्हा नाही कोणी हसलं. काकूंचा मुलगा होडीवर असतो गं. त्या मला म्हणाल्या, मग आता वादळावर नजर ठेवणार कोण? विचार ना तुझ्या सरांना.

चिमी : विचारून सांगते. तुम्ही घरी जा आता... सर, आई विचारतेय, नजर ठेवणार कोण?

संचालक : टेकडीचं गप्प होणं लपवून याला पुन्हा शिकवलं तर?

चिमी : तुम्ही खाली होतात तेवढ्यात घाईघाईने शिकवून पाहिलं. दहातली पाच.

संचालक : पाच! माणसांपेक्षाही कमी.

चिमी : पण ती पाच त्याने दाब आणि वारा बघून ओळखली. पोरगं अभ्यासाला लागलंय. वाढतील हळूहळू. फक्त एकट्याला सोडता येणार नाही.

संचालक : मग बोलवा नकाशावाल्यांना परत. पाळ्या लावा.

चिमी : दोघे दुसरीकडे लागले. एक येतो म्हणालाय, पण सोमवारपासून. तोवर कोणी नाही.

संचालक : कोणी नाही कसं? मी बसतो.

चिमी : तुम्ही? सर, हाताने नकाशा काढून किती वर्षं झाली?

संचालक : खुर्ची मिळाली तेव्हापासून नाही काढला.

चिमी : मग जमेल?

संचालक : एके काळी बरा काढायचो. पेन्सिली कुठे ठेवता हल्ली? आणि... घाईत नसाल तर बसा जरा शेजारी.