व्हीची जागा

तंबाखू कशी सुटली म्हणून विचारताय व्हय? इंग्रजीनं सोडवली, लेकानो!

आमची स्वरा तिसरीत. बाईंनी सांगितलेलं, व्ही आणि डब्ल्यूचे उच्चार घरात कुणाला तरी शिकवून या. तिनं मलाच धरलं. “पप्पा, डब्ल्यूला ओठ गोल करायचे. व्हीला वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे आणि हवा सोडायची.”

दहादा केलं, पण दोन्ही एकसारखंच यायचं. दात टेकवणार कुठं? खालच्या ओठात नुकताच भरलेला तंबाखूचा बार!

पोरीचं तोंड एवढंसं झालं. “पप्पा, मला नीट शिकवता येत न्हाय का?”

काळजात चर्र झालं की राव. गपचिप उठलो, मोरीत जाऊन थुंकलो, खळखळून चूळ भरली आणि येऊन दात टेकवले. असला खणखणीत व्ही निघाला, पोरगी टाळ्या पिटत नाचायलाच लागली. म्हणाली, “आता रोज सराव घेणार!”

मोरीच्या दारात बायको कमरेवर हात ठेवून उभी. म्हणाली, “पंधरा वर्सं मराठीत सांगून माझा जीव गेला की वो!”