मान किती वळते

हॅलो? … हो ताई, बोल. … नाही, चालवत नाहीये, डेपोत आहे. मुलांना शाळेत सोडून आले, बस उभी आहे. … हो, झाली तपासणी. मिळाला कागद. … अगं हो, 'शाळेची बस चालवायला हरकत नाही', सही, शिक्का, सगळं. … एवढी खूश होऊ नकोस, आधी ऐक ना.

… डोकं? डोक्याचं आहे तसंच. महिन्यातले पंधरा दिवस धरूनच चाल. आज बरं आहे. … तेच तर. मला वाटलं डोकं बघतील, तर त्या फिजिओथेरपिस्ट पोरीने मानच धरली. अर्धशिशी जुनी झाली की बऱ्याच जणांची मानही आखडते, कमजोर होते म्हणे. … कोणामुळे कोण, ते त्यांनाही नक्की सांगता येत नाही.

… अगं, उताणं झोपवलं आणि म्हणाली, हनुवटी आत घ्या, डोकं दोन बोटं वर उचला आणि धरून ठेवा. … हसू नकोस, सहा मोजेपर्यंत मान लटलटायला लागली. एवढं बसचं धूड वळवते मी, आणि स्वतःचं डोकं पेलवेना. … हो, व्यायाम दिलेत. तीन महिने तरी करायचे.

… मग कागद कसा काय? तेच सांगतेय. गाडीसाठी मान किती वळते ते बघतात. खुर्चीत बसवून म्हणाली, दोन्हीकडे वळून मागे बघा. बघितलं मी. … हो, पूर्ण. … पण कंबरेतून, ताई. अंगात ढगळ कोट होता, तिला कळलं नाही. … मुद्दाम नाही गं, सवयच लागलीय. हे म्हणतात ना, तू वळत नाहीस, कपाट सरकतं. …

बरं. थोडं मुद्दाम. कळत होतं मला.

… हो, हो… अगं ऐक ना. आरसे आहेत, मान्य. पण दारातून उतरलेलं पोर आरशात सापडेलच असं नाही. … थांब, आत्ताच बघते. पट्टा लावते आधी. …

हं, लावला. पट्टा खांदा धरून ठेवतो, कंबर वळूच देत नाही. … दुखतंय… थांब… नाही. नजर दाराच्या चौकटीपर्यंतच जाते. पुढे नाहीच.

अहो मावशी, काच पुसत होतात ना, कुठे गेलात? … तू नाही गं, आमच्या बसमधल्या मावशी, मुलांना चढवतात-उतरवतात त्या. …

ताई. … त्या म्हणतायत, 'इथेच आहे, मागच्या चाकापाशी. कधीची हात करतेय तुला.'

… ऐकतेय, बोल. … हो, नऊ वर्षं झाली बस चालवतेय. … खरं सांगितलं तर ऑफिसात बसवतील, फोन उचलायला. … नाही, बस परत मिळेलच असं नाही. माझ्या जागी आलेला काय आपणहून उठणार आहे? … वाटतेय ना भीती. खूप वाटतेय. … नको, भाऊजींना मध्ये घालू नकोस.

… थांब, दुसरा फोन येतोय. साहेबांचा आहे. दुपारची फेरी मीच करणार ना, ते विचारत असतील. … नाही ताई, उद्या नाही. मुलं आज उतरायचीत. … रडत नाहीये. … काय सांगणार म्हणजे? कागद मिळालाय, पण मला मावशी दिसल्या नाहीत, एवढंच सांगते. ठेवते.