रविवारचा व्हॉल्व्ह

टोकियोच्या अकिहाबारा बाजारात, जुन्या रेडिओतले काचेचे व्हॉल्व्ह विकणाऱ्या दुकानासमोर रांग होती. रांगेत उभ्या असलेल्या निवाच्या पुढे दोन म्हातारे बोलत होते.

"ताकुमा, तुझ्या त्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरवरून आमची सुमिए जीव ओवाळून टाकते."

"वहिनींना कान आहे."

"चाळीस वर्षं मी ॲम्प्लिफायर बनवतोय, माझ्याबद्दल कधी चकार शब्द नाही! तुझ्याकडे मात्र दर रविवारी डबा घेऊन गाणी ऐकायला!"

"म्हणून आज तूही व्हॉल्व्ह घेणार?"

"घेणारच. अगदी तुझ्यासारखा."

"नको घेऊस. माझा नुसता शोभेला पेटतो. आवाज नखाएवढ्या चिपमधून येतो."

"काय सांगतोस! मग आजच सांग तिला."

"छे."

"का रे?"

"उद्या रविवार आहे."

रांग पुढे सरकली. ते दोघे मात्र जागचे हलले नाहीत.