बाबांच्या नावावरचा डिमेन्शिया

तुला सांगते, विमा कंपनीच्या लेखी आमच्या बाबांना डिमेन्शिया आहे! मध्यंतरी ते चक्कर येऊन पडले, म्हणून डोक्याचा एमआरआय काढला. हॉस्पिटलने क्लेममध्ये नुसत्या शंकेवर डिमेन्शियाचा कोड टाकला. रिपोर्ट नॉर्मल आला, पण कोड तसाच राहिला. परवा कंपनीचा माणूस करी रोडला घरी चौकशीला आला. बाबांनी पॉलिसी नंबर तोंडपाठ सांगून त्यालाच झापलं.

तो ओशाळला. "सॉरी काका, कोड काढतो. काकूंचं रेकॉर्ड मात्र एकदम क्लीन आहे हां."

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. त्याच्यासमोर तिनेच आधी दोनदा आणून दिलेले दोन कप अजून भरलेले होते.

"आत्ताच आलात ना? चहा घ्या."

बाबा त्या कपांकडे बघत हळूच म्हणाले, "कोड राहू दे. पत्ता बरोबर आहे, नाव तेवढं बदला."